'आय सेंट' की 'आय हॅव सेंट'?

शाळेत पूर्ण वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांचे तक्ते सगळ्यांनीच घोकलेत, त्यामुळे रूपं कशी होतात ते सोडून देतो. प्रश्न येतो तो ऑफिसचा मेल लिहिताना: 'हॅव' लावायचं की नाही?

मी बरीच वर्षं सगळीकडे लावायचो. जरा वजनदार वाटायचं. मग एकदा आमच्या मॅनेजरबाईंनी माझा मसुदा परत पाठवला. 'आय हॅव सेंट द फाइल ऑन मंडे' यातलं 'हॅव' तेवढं खोडलेलं. मला चूकच दिसेना, कारण 'मी सोमवारी फाइल पाठवली आहे' हे मराठीत अगदी बिनचूक. उलट त्या 'आहे'मध्ये एक ठसका असतो: पाठवली आहे, बघा, तुमच्याकडेच पडली असेल!

इंग्रजीतल्या 'हॅव'ला मात्र 'कधी' याचं उत्तर शेजारी खपत नाही. काल, सोमवारी, 2019 मध्ये, दोन तासांपूर्वी, यातलं काहीही आलं की 'हॅव' बाद. आणि खरी कटकट अशी, की इंग्रजीत हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. तोवर 'हॅव' तोंडातून निसटलेलं असतं. ऑफिसात तर पुढचा प्रश्न हमखास 'कधी?' हाच. 'आय सेंट' म्हटलं की ही भीती नाही. पुढे वार जोडा, नाहीतर राहू द्या.

अर्थात सगळीकडे हे जमणार नाही. 'आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स' म्हणजे मी अजून पुण्यातच आहे. 'आय लिव्ह्ड' म्हटलं की बिऱ्हाड हललं. (आपण 'राहतोय'वरून 'आय ॲम लिव्हिंग' करतो, ती तिसरीच गोची.) माणूस हयात आहे का, हेही 'हॅव' बघतं. लताबाईंनी कितीतरी भाषांत गाणी गायली आहेत, असं आपण आजही म्हणतो. इंग्रजीत फेब्रुवारी 2022 नंतर त्या वाक्यात 'हॅज संग' खटकतं, 'सँग' लागतं.

'जस्ट' आणि 'ऑलरेडी' आले की ब्रिटिश वळणाला सहसा 'हॅव' हवं असतं. अमेरिकेत 'आय जस्ट सेंट इट' सर्रास चालतं. माझे बरेचसे मेल हल्ली तिकडेच जातात, त्यामुळे माझं मत थोडं कललेलं असेलही. इंग्लंडशी काम असेल, तर तुम्ही जरा जपून.

मी आता मेल पाठवण्याआधी प्रत्येक वाक्य शेपटाकडून वाचतो. वार-तारीख दिसली की 'हॅव' खोडतो. 'सिन्स' दिसलं, तर निमूटपणे परत लावतो.