ऑफरोडसाठी हवेचा कॉम्प्रेसर: सॉकेटवाला, चार्जिंगचा की थेट बॅटरीला लागणारा?

चिखलात उतरण्याआधी टायरमधली हवा कमी करावी, हे आता बहुतेकांना माहीत असतं. तरी पावसाळ्यात मुळशी-भोरकडच्या कच्च्या चढांवर कितीतरी गाड्या ३२ पीएसआयवरच (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) जागच्या जागी चाकं फिरवत असतात. हवा का सोडली नाही असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "परत भरणार कुठे?" म्हणून माझ्या दृष्टीने कॉम्प्रेसर निवडायची कसोटी एकच आहे. ज्याच्या भरवशावर तुम्ही चारही चाकांची हवा बेधडक सोडाल, तो घ्यायचा.

दुकानात मात्र आपल्याला दाखवतात ते खोक्यावरचं १५० पीएसआय. आपल्याला लागतात ३०-३२. तो १५० चा आकडा ऑफरोडला काहीच कामाचा नाही. पाहायचं ते एका मिनिटात किती लिटर हवा जाते आणि मशीन सलग किती वेळ चालतं. काही खोक्यांवर हवा घनफुटात दिलेली असते, तिला २८.३ ने गुणलं की लिटर मिळतात.

हिशेब सोपा आहे. थारच्या २५५/६५ आर १८ टायरच्या पोटात ढोबळमानाने ६० लिटर जागा असते, जिम्नीच्या १९५/८० आर १५ मध्ये ४० च्या आसपास. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय. म्हणजे टायर १८ वरून ३२ वर न्यायचा, दाब १४ ने वाढवायचा, तर त्याच्या पोटात मावते जवळपास तेवढीच बाहेरची हवा आत ढकलावी लागते. थारची चार चाकं म्हणजे २४० लिटरच्या आतबाहेर, जिम्नीची १६० च्या. आता प्रत्येक मशीन या आकड्यासमोर ठेवून बघा.

सॉकेटमध्ये लावायचा छोटा कॉम्प्रेसर बहुतेकांकडे आधीच असतो. दीड-दोन हजारांत मिळतो आणि हायवेवर एखादं चाक बसलं तर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत नेऊन सोडतो. पण त्याची मर्यादा त्या सॉकेटमध्येच आहे. बऱ्याच गाड्यांत सॉकेटच्या झाकणावरच १२० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे जेमतेम १० अँपिअर. एवढ्या विजेवर चालणारी मोटर प्रत्यक्ष दाबाविरुद्ध मिनिटाला १०-१२ लिटर ढकलते. थारच्या एका चाकाला पाच-सहा मिनिटं, आणि मध्ये मशीन थंड करायचं ते वेगळंच. माझ्याकडे सुरुवातीला असाच होता. सप्टेंबरातली संध्याकाळ, घाटाखालच्या पठारावरून उतरलो होतो, चारही चाकं १८ वर. दोन चाकं भरली, तिसऱ्याला २४ वर काटा आला आणि मशीन बंद पडलं. पाइपचं पितळी टोक एवढं तापलं होतं की रुमालाशिवाय हात लावता येईना. भाचा टॉर्च धरून उभा, वर पाऊस सुरू. मशीन निवायला अर्धा तास गेला. पुन्हा चालू केलं तर सॉकेटचा फ्यूज उडाला. घरी येईपर्यंत ताशी ३० च्या वर गाडी नेली नाही, कारण कमी हवेत वेगाने पळवलं की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, वाकून वाकून तापते आणि टायर आतून खराब होतो. त्यानंतर कित्येक महिने मी हवा सोडायचंच टाळलं. हळू कॉम्प्रेसरचं खरं नुकसान हे आहे.

चार्जिंगवाले हातात मावणारे पंप दिसायला देखणे असतात. आकडा टाकला की तेवढ्यावर आपोआप थांबतात, वायरची कटकट नाही. शहरात, मोटरसायकलला, सायकलला मी तेच सुचवेन. पण त्यांची बॅटरी साधारण २०-२५ वॅट-तासांची. मोटर ८० वॅट खात असेल तर पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास. हवेचा वेग सॉकेटवाल्याएवढाच, म्हणजे थारचं तिसरं चाक पुरं झालं तरी नशीब. जिम्नीवाल्याचं कदाचित भागेल, पण चार महिने डॅशबोर्डखाली पडून अर्धी उतरलेली बॅटरी घेऊन गेलात तर तेही नाही.

आता बॉनेट उघडून चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडायचा कॉम्प्रेसर. माझा कौल यालाच. फ्यूजची आडकाठी गेल्यामुळे मोटर २०-३० अँपिअर ओढू शकते. उदाहरणार्थ व्हायएअर ८८पी. २० अँपिअरचा, हवा १.४७ घनफूट म्हणजे मिनिटाला साधारण ४१ लिटर. हा आकडा मोकळ्या हवेतला असतो, दाब चढतो तसा तो उतरतो. तरी या वर्गातला कोणताही नीट बनवलेला एक सिलिंडरचा कॉम्प्रेसर थारचं चाक अडीच-तीन मिनिटांत १८ वरून ३२ वर नेतो. चार चाकं दहा-बारा मिनिटांत. चहाचा थर्मास उघडून संपेपर्यंत काम होतं.

घेताना पाइपची लांबी आवर्जून पाहा. कॉम्प्रेसर पुढे बॅटरीपाशी बसणार आणि पाइप मागच्या चाकापर्यंत, शक्यतो मागच्या दारावरच्या स्टेपनीपर्यंत पोचायला हवा. सगळं मिळून पाच मीटर तरी लागतातच. दुसरं, टोकाला आटे फिरवून बसवायची तोटी नको. ती काढेपर्यंत फुसफुस करत हवा जाते. खटका दाबून बसणारी घ्या. तिसरं, लोखंडी बुडाचा, धातूच्या सिलिंडरचा, जास्त तापला की आपोआप बंद होणारा असावा.

दोन सिलिंडरवाले याच्या दुप्पट वेगाचे. ३३ इंची टायर टाकलेत किंवा चार-पाच गाड्यांचा ताफा घेऊन तुम्ही जाता, तर जरूर घ्या. एआरबी कंपनीचा बॉनेटखाली कायमचा बसवायचा जुळा कॉम्प्रेसर मिनिटाला १७४ लिटर देतो, पण त्याला रिले आणि जाड वायरिंग लागतं, आणि किमतीत टायरचा जोड येईल. त्याचा एक उपयोग हवेवर चालणारे डिफरन्शियल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरायला लावणारी कुलपं, चालवण्याचा. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे लॉक कंपनीतूनच येतात, त्यामुळे तेवढ्यासाठी तो खर्च नको. महिन्यातून एकदा ट्रेलवर जाणाऱ्याला एक सिलिंडर पुरतो.

किती हवा सोडायची हे जमिनीवर. खडकाळ वाटेवर आणि कोकणातल्या लाल मातीत मी २२ च्या आसपास थांबतो. देशावरची काळी माती खाचांत चिकटून बसते, तिथे १८-२० वर टायर जास्त वाकतो आणि माती झटकतो. वाळूत १५-१६. वाळू म्हणजे जैसलमेरकडची, गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि कोकणातही भरतीच्या रेषेजवळ गाडी घालू नये. १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून उतरू शकतो, आणि उतरलेला टायर परत बसवणं छोट्या कॉम्प्रेसरच्या आवाक्यातलं नाही.

भरताना इंजिन चालू, गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. चिमटा लाल आधी, मग काळा. काढताना उलट. कॉम्प्रेसर वाळूत किंवा धुळीत थेट ठेवू नका, पायपुसणं अंथरा, नाहीतर फिल्टरमधून कचरा सिलिंडरमध्ये जातो. मशीन चालू असताना पाइपवरचा काटा जास्त दाखवतो, म्हणून थांबवून वाचा, आणि दरवेळी स्वतःच्या एकाच गेजने मोजा. ट्रेलवरून आलेले टायर गरम असतात, दोन-तीन पीएसआय जास्तच दाखवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी एकदा मोजून कमी पडलेली हवा भरून टाका आणि व्हॉल्व्हच्या टोप्या बसवायला विसरू नका. आत गेलेला चिखल पिनेत अडकला की हवा रात्रभर हळूहळू जात राहते.