‘एसी/डीसी’ छापलेला टाँग टेस्टर आणि काकूंचे १,८०० रुपये

मी हडपसरला वायरिंगची आणि इन्व्हर्टरची कामं करतो. मागच्या उन्हाळ्यात तपकीर गल्लीतून ९५० रुपयांना टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेतला. खोक्यावर ठळक ‘एसी/डीसी’. तरी मी विचारलं होतं, “बॅटरीचा करंट मोजता येईल ना?”

“हो भाऊ, एसी-डीसी सगळं चालतं. बिनधास्त न्या.”

त्याच आठवड्यात एका काकूंकडे गेलो. १५० एएचची बॅटरी, पण बॅकअप तासभरही मिळेना. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या वायरला मीटर लावला. कधी दीड, कधी दोन अँपिअर. एवढ्यावर ती बॅटरी कधी भरणार? चार्जिंग गेलंय असं सांगून मी इन्व्हर्टर दुरुस्तीला दिला. काकूंचे १,८०० रुपये गेले, आणि बॅकअप जिथल्या तिथे. शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रींनी त्यांचा मीटर लावला: १२ अँपिअर. चार्जिंग पहिल्यापासून ठीक होतं. बॅटरीचे दोन सेल गेले होते.

स्वस्त मीटरच्या जबड्यात नुसती तारेची गुंडाळी असते. तिला बदलता करंट, म्हणजे एसीच कळतो, बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा डीसी कळत नाही. चार्जरच्या डीसीवर थोडी एसीची लहर असते, माझा मीटर तेवढीच दाखवत होता. शून्य दाखवलं असतं तर संशय तरी आला असता! डीसी करंट मोजायला जबड्यात हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा भाग लागतो, म्हणून तसे मीटर महाग. खोक्यावरचं ‘डीसी’ फक्त व्होल्टपुरतं होतं.

दुकानदार म्हणाला, “डीसी व्होल्ट दाखवतो ना? मग खोटं काय?” मीटर परत घेतला नाही. मी काय विचारलं होतं, ते त्याला चांगलं आठवत होतं.

घेताना खोकं नाही, डायल बघा. अँपिअरच्या खुणेजवळ नुसती नागमोडी रेघ असेल तर मीटर फक्त एसीचा. डीसीची खूण म्हणजे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. डीसी करंटवाल्या मीटरला बहुतेक वेळा ‘झिरो’चं बटणही असतं. घरच्या एसी वायरिंगपुरताच हवा असेल तर स्वस्तातला चालतो, फक्त फेज आणि न्यूट्रल एकत्र जबड्यात धरू नका, शून्य येईल.

काकूंचे पैसे मी परत केले. नवा मीटर घेताना १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा ५५ वॅटचा बल्ब दुकानात घेऊन गेलो. एका वायरभोवती जबडा लावला, साडेचारच्या आसपास आकडा आला. जबडा उलटा फिरवला, तोच आकडा उणे झाला. मग पैसे दिले.