फॉइल आणि इपीचा सुरुवातीचा सेट: दोन्ही घरात आलेत म्हणून लिहितोय

बेळगावात तलवारबाजीचं सामान दुकानात जाऊन हातात धरून बघायचं म्हटलं तर अवघड आहे. खडेबाजारापासून कॉलेज रोडपर्यंत फिरा, बॅट, कॅरम, बॅडमिंटनचं पाहिजे तेवढं मिळतं, पण फॉइल, इपी (तलवारबाजीतले तलवारीचे दोन प्रकार) म्हटलं की दुकानदार आपल्याच तोंडाकडे बघतो. मग ऑनलाइन मागवायचं आणि फोटोवर विश्वास ठेवायचा. माझी मुलगी फॉइल खेळायलीय आणि निपाणीला भावाचा पोरगा इपी, दोघांचे सेट एकाच सेलरकडून मागवले, त्याचं नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रारपण करणार आहे. दर लिहिण्यात अर्थ नाही, सारखे बदलतात. पण एक सांगतो, फॉइलची तलवार हलकी आणि थोडी स्वस्त बघून "आधी फॉइलच घेऊया, कमी खर्चात होईल" असं ठरवू नका, सगळं जमेला धरलं की फॉइलवालाच जास्त पैसे घालवतो. कसं ते सांगतो.

कपड्यांत फरक नाही. पांढरं जॅकेट, खालची निकर, ग्लोव्ह, आतलं प्लास्ट्रॉन (जॅकेटच्या आत काख झाकायला घालतात ते), हे दोघांना तेच. आमच्या सेटमध्ये जॅकेट 350 न्यूटनचं (कापड किती जोर सोसतं त्याचं माप) आलं, शिकणाऱ्याला चालतं, इंटरनॅशनल लेव्हलला 800 चं लागतं. प्लास्ट्रॉन मात्र 800 चंच घ्या, त्यात कंजूषी नको, कारण ब्लेड तुटतं तेव्हा टोक धारदार होतं आणि जायची जागा म्हणजे नेमकी काख, म्हणून तर त्याला काखेत शिवण ठेवत नाहीत. सेलरच्या फोटोत प्लास्ट्रॉन दिसत होतं, बॉक्समध्ये नव्हतं, विचारलं तर म्हणे "ते ऑप्शनल आहे सर". ऑप्शनल कसलं गा! वेगळं मागवलं. मुलींना चेस्ट गार्ड लागतो, आणि फॉइलला त्यावर मऊ फोमचा थर असलेलाच घ्या, नुसत्या कडक प्लास्टिकवरून टोक उसळी मारतं आणि टच लागत नाही, म्हणून आता नियमातच 4 मिलिमीटर फोम आहे.

आता तलवारी. लांबी दोघींची सारखीच, सगळी मिळून 110 सेंटीमीटरपर्यंत आणि त्यात ब्लेड जास्तीत जास्त 90. वजनात फरक, फॉइल 500 ग्रॅमच्या आत, इपी 770 च्या आत. कागदावर वाटतं एवढं काय त्यात, पण माझ्या मुलीनं भावाची इपी धरून लंज (पुढं झेप घेऊन मारायचा वार) मारायला सुरुवात केली आणि थोड्या वेळात मनगट चोळत बसली. ब्लेड पण वेगळं, फॉइलचं चौकोनी आणि लवचिक, इपीचं तिकोनी आणि ताठ. गार्ड (मुठीपुढची हात झाकणारी वाटी) बघितला की लगेच ओळखता येतं, इपीचा आमटीच्या वाडग्याएवढा, 13.5 सेंटीमीटरपर्यंत चालतो, फॉइलचा 12 च्या आतच. कारण साधं आहे, इपीत हात, पाय, बूट, मास्क, अंगावर कुठंही टच धरतात आणि सगळ्यात जवळ असतो तो हातच, म्हणून तो झाकायला मोठा गार्ड. फॉइलमध्ये फक्त धड, हाताला लागलं तरी पॉइंट नाही.

आणि इथंच पैशाची गोष्ट येते. फॉइलमध्ये फक्त धड धरायचं म्हटल्यावर टच दाखवणाऱ्या मशीनला कळायला पाहिजे ना टोक धडाला लागलं का बाहेर, त्यासाठी जॅकेटवरून ते चांदीसारखं मेटॅलिक जॅकेट घालावं लागतं, लामे. मग मास्कच्या गळ्याखालची झालर पण मेटॅलिकची, कारण तिथं लागलं तरी पॉइंट आहे, आणि मग मास्क आणि लामे जोडायला क्लिपवाली एक वायर. इपीला यातलं काहीच नाही, साधा मास्क, तलवार, बॉडी वायर (तलवार मशीनला जोडायला कपड्यांच्या आतून जाते ती), झालं. बॉडी वायरपण दोघांची वेगळी, इपीची दोन्ही टोकांना तीन पिनची, उलटसुलट कशीही लावा, फॉइलची तलवारीकडं दोन पिनची (किंवा फिरवून बसवायची, त्यात पण दोन प्रकार, सॉकेट कुठलं आहे ते आधी बघा) आणि पाठीमागं लामेला लावायला वेगळी क्लिप. एकाची वायर दुसऱ्याला चालत नाही, भावाभावांत वाटून घेऊ असा विचार असेल तर सोडा.

एक महत्त्वाचं, "स्टार्टर सेट" म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा तलवार ड्राय असते, म्हणजे टोकाला रबर, वायर नाही. पहिले काही महिने तेवढंच लागतं, पण इलेक्ट्रिक समजून पैसे भरू नका, लिस्टिंगमध्ये लिहिलं नसेल तर फोन करून विचारा. आमच्या दोन्ही इलेक्ट्रिक आल्या, ते मात्र बरोबर पाठवलं.

आता टोकाची गंमत, मला सगळ्यात जास्त आवडलेली. इपीच्या टोकात सर्किट उघडं असतं, टोक दाबलं की जुळतं आणि लाइट लागते. फॉइलमध्ये उलटं, सर्किट आधीच जुळलेलं असतं आणि टोक दाबलं की तुटतं. याचा परिणाम असा की फॉइलची आतली वायर तुटली किंवा पिन ढिली झाली तर मशीनवर पांढरी लाइट (म्हणजे टोक धडाबाहेर लागलं) आपोआप लागायला लागते, न मारताच, सगळ्या हॉलला कळतं की काहीतरी बिघडलंय. इपीची वायर तुटली तर काहीच होत नाही, एकदम शांत, पोरगा मारतोय मारतोय आणि लाइटच नाही, त्याला वाटतं आपलाच नेम चुकला. पुतण्याचं असंच झालं एका प्रॅक्टिस मॅचला, दोन चांगले टच गेले, मग कोचनी तपासलं तर सॉकेटजवळ वायर सुटलेली. सेलरनं चिकटवताना गोंद कमी लावलेला, ब्लेडच्या खाचेतून वायर वर आलेली, तक्रार केल्यावर म्हणाला ब्लेड परत पाठवा, कुरिअर तुमचं! शेवटी इथंच खडेबाजारात एका रेडिओ रिपेअरवाल्याकडं सोल्डर करून घेतलं, तो आधी "नाळे बर्री, नाळे बर्री" (कन्नडमध्ये "उद्या या") करत होता पण काम चोख केलं त्यानं.

त्यामुळं इपीवाल्यानं पिस्टवर (मॅच खेळतात त्या लांब पट्ट्यावर) जायच्या आधी तपासणी केलीच पाहिजे. 750 ग्रॅमचं वजन टोकावर ठेवायचं, टोकाच्या स्प्रिंगनं ते उचलून धरलं पाहिजे, शिवाय 1.5 आणि 0.5 मिलिमीटरच्या दोन पट्ट्यांनी टोकाचा प्रवास बघायचा. फॉइलला 500 ग्रॅमचं वजन, पट्टीची भानगड नाही. वजन आणि पट्ट्या सेटमध्ये आल्या नव्हत्या, त्या वेगळ्या घ्या, आणि टोकाचे स्क्रू जास्तीचे ठेवा, एवढे बारीक असतात की फरशीवर पडला की गेला. फॉइलला अजून एक काम, टोकाजवळचं 15 सेंटीमीटर ब्लेड टेपनं गुंडाळलेलं असलं पाहिजे, ती टेप फाटत राहते, आठवणीनं बदला.

लामेबद्दल बेळगावकरांनी जास्त काळजी घ्यायची गरज आहे, कारण आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत आणि घामाचं मीठ त्या धातूच्या धाग्यात बसलं की काळे-हिरवे डाग येतात, त्या जागी वीज जात नाही, म्हणजे समोरच्यानं तिथं मारलं तर रंगीत लाइटऐवजी पांढरी लागते आणि मग वाद. प्रॅक्टिसनंतर किटमध्ये कोंबून ठेवू नका, घरी आल्या आल्या हँगरला लावा, अधूनमधून कोमट पाण्यात बुडवून काढा, पिळायचं नाही, वॉशिंग मशीनमध्ये अजिबात नाही. साधा मल्टिमीटर घेऊन तपासता येतं, लामेवरच्या कुठल्याही दोन जागांमधला रेझिस्टन्स 5 ओहमच्या आत असला पाहिजे. आमचं लामे नवीन होतं तेव्हा ठीक होतं, एका पावसाळ्यानंतर उजव्या बरगडीपाशी गडबड करायलंय, सेलरच्या कापडाची क्वालिटी मला तेवढी पटली नाही. ब्लेडला गंज दोन्हीकडं धरतो, शिलाई मशीनचं तेल फडक्याला लावून पुसा, खानापूरकडच्या लोकांना तर हे सांगायलाच नको.

डावखुऱ्यांनो, तुमच्यासाठी. माझी मुलगी डावखुरी. ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, तरी पिस्टल ग्रिप (बोटांसाठी खाचा असलेली मूठ) उजव्या हाताची आली, तिच्यात डाव्या हाताची बोटं बसतच नाहीत. जॅकेट आणि लामे मात्र डाव्या हाताचं बरोबर पाठवलं. ग्रिप बदलून मिळाली पण भरपूर दिवस लावले, तोपर्यंत ती क्लबच्या फ्रेंच ग्रिपवर खेळली, सरळ दांडा असतो तो, दोन्ही हाताला चालतो. इपीत तर मुद्दाम फ्रेंच घेणारे खूप आहेत, मागं टोकाला धरून लांबून मारता येतं, पुतण्याला पण आता तीच पाहिजे.

साइजचं पण बघा, लहान मुलांना 0 किंवा 2 नंबरचं ब्लेड, मोठ्यांना 5 (नंबर मोठा तसं ब्लेड लांब). पोरं वाढतात म्हणून आधीच 5 नंबर देऊ नका, हात दुखतो आणि टोक खाली पडतं.

माझ्याकडून इपी सेटला 5 पैकी साडेतीन, वायरचं काम नीट असतं तर 4 दिले असते. फॉइलला 3, लामेमुळं. मास्क दोन्हीत चांगला आहे, 350 न्यूटनचा, जाळी घट्ट. पुढच्या वेळी यांच्याकडून कपडे घेईन, पण ब्लेड आणि लामे दुसरीकडून, आणि ग्रिपची बाजू फोनवर बोलून, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवूनच.