फिंचसाठी व्हिटॅमिन पावडर आणि लिक्विड कॅल्शियम: आठ महिने वापरल्यानंतर

माझ्याकडे सहा फिंच (दाणे खाणारे छोटे पाळीव पक्षी) आहेत, झेब्राच्या दोन जोड्या आणि बंगाली फिंचची एक. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं, तर 'करडी' नावाची झेब्राची मादी खाली कागदावर बसलेली. पिसं फुगवलेली, डोळे अर्धवट मिटलेले, प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली होत होती. पोटाखाली बोटानं हलकेच चाचपलं तेव्हा गोळा लागला. अंडं अडकलं होतं.

तिला उबदार डब्यात ठेवून लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि दोन तासांनी अंडं बाहेर आलं. कवच असं नव्हतंच, ओल्या कागदासारखं लिबलिबीत. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?" मी म्हटलं, राळा, बाजरी, कॅनरी सीड, आणि पिंजऱ्यात समुद्रफेन लावलेला आहे. ते म्हणाले, मग कॅल्शियम आहे, पण ते अंगी लागायला डी३ जीवनसत्त्व कुठून येणार? माझा पिंजरा खिडकीच्या काचेआड होता. ऊन येतं म्हणून मी निश्चिंत होतो, पण त्वचेत डी३ तयार करणारे अतिनील किरण काच अडवते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

झेब्राची मादी जेमतेम १५ ग्रॅमची असते आणि तिचं एक अंडं साधारण १ ग्रॅमचं. रोज एक याप्रमाणे पाच अंडी घातली, की पाच दिवसांत स्वतःच्या वजनाचा तिसरा हिस्सा तिच्या अंगातून जातो. दाण्यांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. आहारातून मिळालं नाही तर ती कवचासाठी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते.

त्या दिवसापासून दोन गोष्टी सुरू केल्या. एक मल्टिव्हिटॅमिन पावडर (अ, डी३, ई, के, बी गटातली जीवनसत्त्वं आणि लायसिन, मिथिओनिन ही अमिनो आम्लं) आणि दुसरं डी३ असलेलं लिक्विड कॅल्शियम.

पावडरचे पहिले अडीच महिने वाया गेले, आणि दोष पावडरचा नव्हता. सुरुवातीला मी ती दाण्यांवर भुरभुरवायचो. एकदा वाटीपाशी मुद्दाम बसून पाहिलं. फिंच दाणा उचलतो, चोचीत गोल फिरवतो, टरफल सोलून खाली टाकतो आणि आतला गर तेवढा गिळतो. सगळी पावडर टरफलाला चिकटलेली! संध्याकाळी वाटी फुंकली तर तळाशी पिवळसर भुकटीचा थर होता. तेलाचा हात लावून चिकटवून पाहिली, तर दाणे खवट व्हायला लागले.

मग पाण्यात. डब्यावर मात्रा लिटरच्या हिशेबात छापलेली आणि माझी पाण्याची नळी ६० मिलीची. तेवढ्यासाठी अचूक मोजणं चमच्यानं होत नाही; पाव लिटर मिश्रण करून उरलेलं फेकावं लागतं. दुपारपर्यंत पाण्याला वास यायचा, नळीच्या तोंडाशी बोटाला बुळबुळीत लागायचं. उजेडात बी गटातली काही जीवनसत्त्वं लवकर नष्ट होतात, ते वेगळंच. शिवाय झेब्रा हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला पक्षी, मुळात पितोच थोडं. चव बदलली की आणखी कमी. थंडीत तर कोणाच्या पोटात किती गेलं याचा काही पत्ताच लागायचा नाही.

खरा फरक पडला तो मऊ खाण्यातून द्यायला लागल्यावर. अंडं दहा मिनिटं उकडायचं, काट्यानं अगदी बारीक कुस्करायचं, त्यात थोडं किसलेलं गाजर आणि बारीक चिरलेला पाला. सहा पक्ष्यांना दोन लहान चमचे पुरतात, त्यावर चिमूटभर पावडर नीट कालवायची. ओलसर असल्यामुळे प्रत्येक घासाला ती लागते. दोन तासांत उरलेलं काढून टाकायचं, अंडं फार लवकर नासतं. झेब्रा पहिल्या दिवसापासून तुटून पडले. बंगाली जोडी तीन आठवडे वाटीकडे फिरकली नाही; शेवटी त्यांच्या आवडीची राळ्याची कणसं वाटीत उभी करून ठेवली, तेव्हा खाली वाकता वाकता चव लागली.

एरवी आठवड्यातून दोनदा, पिल्लं असताना आणि पिसं झडण्याच्या काळात रोज मऊ खाणं देतो, पण पावडर मात्र दोनदाच. तयार विकतचं एगफूड (अंड्याचं खाणं) आणलं तर त्यात जीवनसत्त्वं आधीच असतात. वरून पावडर टाकली की मात्रा दुप्पट होते. अ आणि डी३ चरबीत विरघळतात, जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाहीत. डी३ जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठतं. एवढ्याशा जिवाला "थोडं जास्त" म्हणजे खूप जास्त, म्हणून मी दोन्ही डब्यांवरचं डी३चं प्रमाण डॉक्टरांना दाखवून मगच दिवस ठरवले. माझ्याकडे लिक्विड कॅल्शियम विणीच्या काळात आठवड्यातून तीनदा आणि एरवी एकदाच, सकाळच्या पाण्यात. दुपारी नळी धुऊन साधं पाणी.

पाचव्या महिन्यात करडीनं पुन्हा अंडी घातली. पाच. मी रोज पहाटे घरट्यात डोकावत होतो आणि पाचवं अंडं दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. पाचही टणक, गुळगुळीत. तेराव्या-चौदाव्या दिवशी चार फुटली, चारही पिल्लं तीन आठवड्यांच्या आत घरट्याबाहेर आली, पाय सरळ. आधीच्या वर्षीच्या एका पिल्लाचा पाय वाकडा होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. श्रेय मी कॅल्शियम, अंडं आणि चार महिन्यांची विश्रांती अशा तिन्हींना देईन. घरटं काढून घेतल्याशिवाय ही मादी थांबत नाही, आणि लागोपाठ विणींची झीज कुठलाही डबा भरून काढू शकत नाही.

दोन बाबतींत पावडरचा उपयोग झाला नाही. बंगाली नराच्या मानेवर टक्कल होतं. अमिनो आम्लांनी पिसं येतील म्हणून दोन महिने वाट पाहिली, आणि मग मादी त्याची पिसं उपटताना दिसली. वेगळं ठेवल्यावर पाच आठवड्यांत मान भरली. दुसरं म्हणजे नर झेब्राच्या चोचीचा रंग. डब्यावर "रंग खुलतो" असं छापलेलं, पण ती लाली कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांची असते. खाण्यातली पिवळी रंगद्रव्यं पक्षी स्वतः लाल करतो, आणि त्यासाठी लागणारं जनुक २०१६ साली झेब्रा फिंचमध्येच ओळखलं गेलं. पावडरीतल्या तयार अ जीवनसत्त्वापासून ते होत नाही. चोची गडद झाल्या त्या पाला आणि पिवळा बलक नियमित सुरू झाल्यावरच. पाल्यात पालक मी कमी ठेवतो, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडकवून ठेवतं.

डब्याबद्दल एक तक्रार आहे. झाकण हवाबंद नाही. सहाव्या महिन्यात पावडरीचे खडे झाले आणि वास बदलला, म्हणून पाव डबा टाकून दिला. मुदत अजून वर्षभराची होती, पण ती न उघडलेल्या डब्याची. आता सर्वांत लहान डबा घेतो, झाकणावर उघडल्याची तारीख लिहितो आणि अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवतो. लिक्विड कॅल्शियमची दुसरी बाटली चालू आहे. करडीचं घरटं सध्या काढून ठेवलंय, अजून दोन महिने तरी परत लावणार नाही.