जर्मन सुट्ट्यांची भिंतीवरची दिनदर्शिका २०२६: तारखा बरोबर, राज्यं गायब

ऐरोली-महापेला जर्मन क्लायंटचं काम करणाऱ्या टीमसाठी ठाण्यातल्या एका छापखान्याने ही दिनदर्शिका काढली आहे. आपल्या सुट्ट्या केशरी, जर्मनीच्या लाल. कागद जाड, चौकोन लिहिण्याइतके मोठे. घोळ आहे तो लाल रंगातच: अख्ख्या जर्मनीला एकच लाल.

३१ ऑक्टोबर घ्या. १५१७ साली विटेनबर्गमध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने चर्चच्या कारभारावर टीका करणारे ९५ मुद्दे मांडले, त्याची आठवण म्हणजे रेफॉर्मेशन डे, धर्मसुधारणेचा दिवस. सुट्टी सोळापैकी नऊच राज्यांत: पूर्वेकडची बर्लिन सोडून पाच, आणि २०१८ पासून उत्तरेची हॅम्बुर्ग, ब्रेमेन, लोअर सॅक्सनी, श्लेस्विग-होल्श्टाइन. म्युनिक, कोलोन, स्टुटगार्टला सुट्टी १ नोव्हेंबरला, कॅथलिक सणाची. फ्रँकफर्टला दोन्ही नाहीत. यंदा या तारखा शनिवार-रविवारी आल्यात आणि तिथे बुडालेली सुट्टी सोमवारी मिळत नाही, म्हणून ही चूक झाकली जाते.

१८ नोव्हेंबरची झाकली जाणार नाही. पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा हा बुधवार, बुस-उंड-बेटटाग, देशभर लाल छापलाय. १९९५ पासून ही सुट्टी फक्त सॅक्सनीत उरली. बाकी राज्यांनी शुश्रूषा विम्याच्या, म्हणजे म्हातारपणी-आजारपणी लागणाऱ्या सांभाळासाठीच्या सक्तीच्या विम्याच्या, खर्चापोटी ती सोडून दिली: मालकांवर पडलेल्या हप्त्याची भरपाई कामाच्या एका जादा दिवसाने. सॅक्सनीने ठेवली, त्याबदल्यात तिथला नोकरदार आजही या विम्यासाठी पगारातून अर्धा टक्का जास्त भरतो. म्हणजे त्या दिवशी ड्रेस्डेनला फोन उचलला जाणार नाही, हॅम्बुर्गला उचलला जाईल. बव्हेरियात ऑफिसं चालू, शाळा बंद. लहान मुलांचे आईबाप रजेवर असू शकतात.

६ एप्रिलचा ईस्टर मंडे मात्र अचूक: आपण कामावर, ते सगळे घरी.

१५ मे कोराच आहे. आदल्या दिवशी, गुरुवारी, असेन्शनची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाची, देशभर सुट्टी. शुक्रवारची रजा टाकून चार दिवस जोडायची तिथे रीतच आहे. अशा दिवसाला ब्र्युकेनटाग, म्हणजे पुलाचा दिवस म्हणतात. त्या आठवड्यात रिलीज ठेवू नका.

घ्यायची असेल तर सोबत निळं पेन घ्या. आधी प्रत्येक क्लायंटला राज्य विचारा, तेही कंपनीच्या मुख्यालयाचं नाही, माणूस जिथे बसून काम करतो तिथलं. सुट्टी त्यावर ठरते. मग लाल चौकोनात राज्याची आद्याक्षरं लिहा. कागद गुळगुळीत आहे, जेल पेनची शाई फिसकटते. बॉलपेनच वापरा.