स्पायरोनोलॅक्टोन: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

चेहऱ्यावरील जाड केस आणि जबड्यालगत वारंवार उठणारे मुरूम यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी मला स्पायरोनोलॅक्टोन सुरू केले, त्याला आता वर्ष होत आले. मुळात हे औषध रक्तदाबावरचे आणि अंगावरची सूज उतरवणारे. परंतु केसांच्या मुळांशी व तैलग्रंथींशी ते अँड्रोजेनचा, म्हणजे पुरुषी संप्रेरकांचा, परिणाम अडवते, म्हणून या तक्रारींतही दिले जाते. सुरुवात रोज 50 मिलिग्रॅमने झाली आणि पुढे मात्रा 100 पर्यंत नेली.

मुरुमांवरचा परिणाम तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दिसला आणि हनुवटीवरच्या दुखऱ्या गाठी जवळपास थांबल्या. जुने डाग मात्र फार सावकाश फिके होतात. केसांचा हिशेब वेगळा आहे. एकदा जाड झालेला केस गोळीने गळत नाही. त्याचे वाढीचे चक्र संपून त्या जागी नवा केस येतो, तेव्हा तो बारीक येण्याची शक्यता असते, त्यामुळे सहा महिन्यांच्या आत या औषधाला नापास ठरवणे अन्यायाचे होईल. प्रगती जोखायला मला आरशापेक्षा दोनदा केस काढण्यामधले अंतर अधिक विश्वासार्ह वाटले: पूर्वी जवळजवळ रोज वस्तरा लागे, आता आठवडा निभावतो. उरलेल्या काळ्या केसांसाठी लेझर घेत आहे. तो केसातील रंगद्रव्यावर काम करतो, म्हणून पांढऱ्या केसांना त्याचा उपयोग नाही.

त्रासही झाला. लघवीला वारंवार जावे लागे, पटकन उठल्यावर चक्कर येई आणि पाळीच्या मध्येच रक्तस्राव होई. हा शेवटचा त्रास सोबत दिलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळीने आटोक्यात आला, आणि ती गोळी स्वतःही रक्तातील मुक्त टेस्टोस्टेरॉन (याच पुरुषी संप्रेरकांपैकी एक) कमी करते. मात्र रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास किंवा डोळ्यांपुढे चमक दिसून होणारी अर्धशिशी असलेल्यांना ती चालत नाही. स्पायरोनोलॅक्टोन घेत असताना गर्भधारणा टाळणे अनिवार्य आहे, कारण मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत त्याने अडथळा येऊ शकतो. ही सूचना औषधाच्या पहिल्या चिठ्ठीबरोबरच ठळकपणे मिळायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पोटॅशियम वाढण्याचा धोका राहतो. माझी तपासणी सुरुवातीलाच झाली.

एफ्लॉर्निथिन मलमाचाही विचार केला होता. ते दिवसातून दोनदा लावावे लागते, केसांची वाढ केवळ मंदावते आणि सोडल्यावर साधारण आठ आठवड्यांत सारे पूर्ववत होते, म्हणून मी ते टाळले. अर्थात स्पायरोनोलॅक्टोनची गोळी सोडली तरी तक्रारी हळूहळू परततातच, त्यामुळे तूर्त ती याच मात्रेत चालू ठेवणार आहे.