बँकॉकचा राजवाडा उघडाच असतो

४६,५०० बाट, म्हणजे थायलंडचं चलन, बँकॉकच्या एका रत्नांच्या दुकानात घालवले. कार्डाच्या स्टेटमेंटवर १,०९,७४० रुपये, त्यावर परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार ३,८४०.९०, आणि त्या आकारावर जीएसटी ६९१.३६. एकूण १,१४,२७२ रुपये २६ पैसे. दिवाळीच्या सुट्टीत निम्मं पुणे थायलंडला निघतं, म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहितोय.

प्रकार जुनाच आहे. राजवाड्याबाहेर कुणीतरी भेटतो, आज बंद म्हणतो, टुकटुकमध्ये बसवतो आणि वरात शेवटी रत्नांच्या दुकानात. मलाही हे ऐकून माहीत होतं. पण ऐकलेल्या गोष्टीतला ठग आणि इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, 'नमस्ते, इंडिया?' म्हणणारा गृहस्थ हा एकच माणूस आहे, हे उन्हात घामाघूम उभं असताना डोक्यात येत नाही. ज्यांच्या येतं त्यांचं अभिनंदन. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

ही मंडळी मुख्य दाराशी उभी राहत नाहीत. राजवाड्याची तटबंदी सगळी मिळून जवळजवळ दोन किलोमीटर आहे, आणि ते अशा कोपऱ्यावर थांबतात जिथून दार दिसत नाही, आत जाणारी गर्दीही दिसत नाही. आम्ही नेमके तिथे. गृहस्थ म्हणाले, आज बौद्ध सण आहे, आत भिक्षूंची प्रार्थना चालू आहे, परदेशी लोकांना एक वाजल्यानंतर सोडतील. तोवर दोन देवळं बघा, सरकारी टुकटुक आहे, २० बाट. खरं म्हणजे राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो, साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं, तिकीट ५०० बाट. राजघराण्याचा एखादा समारंभ सोडला तर सणालाही उघडाच असतो. रस्त्यावरचा कुणीही काहीही सांगो, तिकिटाच्या खिडकीपर्यंत चालत जा. मेट्रोने सनाम चाय स्टेशनला उतरा, तिथून पायी जाता येतं, म्हणजे टुकटुकचा प्रश्नच उरत नाही.

ही तेव्हाच म्हणाली होती, "अहो, सत्तेचाळीस रुपयांत हा आपल्याला दोन तास फिरवणार? स्वारगेटहून डेक्कनला तरी येतं का कुणी तेवढ्यात?" मी म्हटलं, सरकार पेट्रोल देतं त्यांना. हे मला त्या गृहस्थानेच सांगितलं होतं. पेट्रोलची कुपनं असतात हे खरं, पण ती दुकानवाले देतात, गिऱ्हाईक आणून सोडल्याबद्दल.

पण वीस बाटचं सोडा, स्वस्ताला माणूस भुलतो. मला झोप येत नाही ती त्या पहिल्या देवळामुळे. सण म्हणे, एवढा मोठा की राजवाडा बंद, आणि देवळात चिटपाखरू नाही! फुलं नाहीत, उदबत्ती नाही, एक म्हातारी नाही. आषाढीला पंढरपुरात शुकशुकाट दिसला तर शेंबडं पोरही विचारेल की आज नक्की एकादशीच आहे ना. आम्ही मात्र काय छान शांतता म्हणून फोटो काढले. त्या रिकाम्या देवळात एकच माणूस बसला होता. वकील आहे म्हणाला. बोलता बोलता त्यानेच काढलं, की अमुक दुकानात वर्षातून एकदा करमाफीची विक्री असते, आज शेवटचा दिवस, मी बहिणीच्या लग्नाचं तिथूनच घेतलं. टुकटुकवाल्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दोन अनोळखी माणसं, एकमेकांना ओळखत नसलेली, तेच सांगतात, तेव्हा कोर्टसुद्धा त्याला पुरावा मानतं. मी मानला.

दुकानात गार सरबत, एसी, आणि तोडकंमोडकं हिंदी बोलणारी मुलगी. पहिला प्रश्न: "राशी कौनसी?" हिची मीन, साडेसाती चालू, आणि आमच्या गुरुजींनी नीलम सांगितलेलाच होता. म्हणजे हाव होती असं कुणी म्हणू नये, खरेदी व्हायचीच होती. नीलम ३४,००० बाट, माणकाचं पेंडंट १२,५००. पाकीट सील करून दिलं आणि बजावलं, फोडलंत तर गॅरंटी जाईल. असं सीलबंद पाकीट हातात पडलं की तिथेच, त्यांच्या समोर फोडा. आमचं फुटलं ते लक्ष्मी रोडवर.

सराफाने भिंग लावलं आणि म्हणाला, नीलम खरा आहे. मला हायसं वाटलं. मग म्हणाला, भट्टीत तापवलेला, काळपट, सहा हजार कुणी दिले तर द्या. माणिक काच भरलेलं, त्याचे आठशे. गुरुजींनी डाग बघून हातही लावला नाही.

खडा खोटा असता तर बरं झालं असतं, हे पुढे कळलं. बँकेने फॉर्म भरून घेतला आणि प्रयोगशाळेचा दाखला मागितला. ३,५४० रुपये भरून मुंबईहून आणला. दाखल्यावर 'नैसर्गिक नीलम, तापवलेला'. दुकानाच्या पावतीवर 'नैसर्गिक नीलम'. बँक म्हणाली, वर्णन जुळतंय, पिन तुम्हीच टाकलाय, तक्रार बंद. अहो, जुळतंय हीच तर तक्रार आहे! सहा हजारांचा माल ऐंशी हजारांना विकला, यासाठी त्यांच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. पेंडंटचा वेगळा दाखला आणा म्हणाले, म्हणजे आणखी ३,५४०, आठशेच्या वस्तूसाठी. फोनवर दर वेळी नवा आवाज, दर वेळी जन्मतारखेपासून सुरुवात. पोलीस ठाण्यात गेलो तर गुन्हा परदेशात घडलाय, आमची हद्द नाही. सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, तुम्ही दुकानात स्वतः गेला होतात, यात ऑनलाइन काय आहे? पुन्हा ठाण्यात, तर हवालदारसाहेब खुर्ची पुढे ओढून विचारतात, "नीलम लाभला नाही का तुम्हाला?" तेवढीच काय ती आस्थेने झालेली चौकशी.

थायलंडमध्येच असताना शंका आली तर विमानाची वाट बघू नका. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, त्याच दिवशी फोन करा आणि पावती, कार्डाची स्लिप, टुकटुकची नंबरप्लेट, सगळ्याचे फोटो ठेवा. 'करमाफीचा शेवटचा दिवस' असा काही प्रकार नसतो. थायलंडची जीआयटी ही रत्नं तपासणारी सरकारी संस्था बँकॉकमध्येच आहे. आधी तिथे तपासू, मग पैसे देतो, एवढं म्हणा आणि दुकानातल्यांचे चेहरे बघा. बायको काही म्हणत असेल तर ऐका.

दुकानाला मी मेल करणं सोडलं नाही. गेल्या आठवड्यात उत्तर आलं: खडे परत आणल्यास निम्मे पैसे, २३,२५० बाट. चुलतभाऊ पुढच्या महिन्यात जातोय, त्याच्याकडे देतो म्हटलं. नाही चालणार म्हणे. पावतीवर ज्याचं नाव, त्यानेच पासपोर्ट घेऊन यायचं.